अकराशे पंचावन्न पिना

धरणगावात, जिनिंगच्या समोर
माझं दुकान : लग्नपत्रिका, बिलबुकं,
उत्तरकार्याची कार्डं रात्रीतून करून मिळतील.
बारा वर्षं एकच कॅबिनेट टेबलाखाली.
मे महिन्यात पोटरीला चटका देतं,
पौषात शेकोटी.

हल्ली गणपती वरून खाली उतरतो.
आधी मुकुट,
मग बराच वेळ नुसता मुकुट.
गिऱ्हाईक म्हणतं,
भो, सोंड येईपर्यंत चहा सांगू का?

हिमेश रविवारी फैजपूरहून आला, डिप्लोमाचं दुसरं वर्ष.
"पप्पा, हा प्लॅटफॉर्मच मेला आहे.
नवा बोर्ड, नवी रॅम, नवा प्रोसेसर.
जुनं काहीच त्यात बसणार नाही."
मला आपलं स्टेशन आठवलं.
कितीतरी गाड्या तिथं थांबत नाहीत,
म्हणून प्लॅटफॉर्म मेला असं कुणी म्हणत नाही.
हे त्याला बोललो नाही.
शिकतोय तो.

जळगावला, गोलाणी मार्केटात, नईम पिंजारी म्हणाला,
दुसरा रस्ता आहे.
याच सॉकेटात बसेल असा मोठा प्रोसेसर,
एका बुडालेल्या पतपेढीच्या मशीनमधला.
अठराशे रुपये.
मी विचारलं, गॅरंटी?
तो म्हणाला, पतपेढीची होती का?

रात्री एका चुकलेल्या पत्रिकेच्या पाठीवर
(नवरदेवाच्याच नावाआधी चि. सौ. कां. पडलं होतं)
दोन रकाने पाडले.
डावीकडे अठराशे.
उजवीकडे साडेतेवीस हजार,
आणि खाली बारीक अक्षरात :
नव्या बोर्डाला मागचं रुंद पोर्ट नाही.
त्या पोर्टात माझ्या फाँटांची किल्ली बसते.
किल्ली नाही तर
बारा वर्षांतले सगळे मामा, सगळे काका,
स्वागतोत्सुक आणि शोकाकुल,
रांगेनं चौकोन होऊन उभे राहतील.
हिमेश म्हणतो, युनिकोड करून घ्या.
केलं करून.
'आशीर्वाद'चा 'आशीवार्द' झाला.
बावीस पत्रिकांत बावीस वेळा रफार उचलून जागेवर ठेवला
आणि दिवा मालवला.

डावीकडेही लिहायला हवं होतं काही.
की ही या सॉकेटाची शेवटची पायरी,
यापुढे जिना नाही.
ते लिहिलं नाही.

कुमुदिनीनं टॉर्च धरली, मी बाजूचा पत्रा काढला.
आत कापूस.
पंख्याच्या पात्यांत, पट्ट्यापट्ट्यांच्या फटींत
समोरच्या जिनिंगचे बारा हंगाम,
गच्च.
प्रोसेसरवरची पेस्ट वाळून बिबडी झालेली.
ती म्हणाली,
"आधी त्याले श्वास तं लेऊ द्या,
मंग पाहा काय लेनं ते."

ब्रश, फुंकणी, मोहरीएवढी नवी पेस्ट.
एक्क्याण्णव अंशांवरून त्रेसष्टवर आलं.
सोंड लगेच नाही आली,
पण चहा सांगायच्या आत आली.

तरी सकाळी नईमला फोन केला :
तो बाजूला ठेव, विकू नको.

अकराशे पंचावन्न पिना. एक वाकली की संपलं.
नईमनं दांडी दाबली तेव्हा कर्रर्र झालं.
"होतोच तो आवाज," म्हणाला,
आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.
पडदा काळा.
पंखा फिरला, थांबला, परत फिरला.

हिमेश म्हणतो, प्रोसेसरला काही आठवत नसतं,
वीज गेली की पाटी कोरी.
बरं आहे.
त्या पेढीत ठेवी बुडाल्या
त्यातल्या तिघांची कार्डं मी छापलीत,
याच मशीनवर,
याच फाँटात, चौकटीला काळी पट्टी.
त्याला नावं माहीत नाहीत. मला आहेत.

आज दगा तुळशीराम महाजनांच्या नातीची पत्रिका,
तीनशे प्रती, बुधवारपर्यंत.
गणपती एका दमात उतरला,
उंदरासकट.

चुकलेली पत्रिका खणात आहे.
डावीकडच्या अठराशेवर टिक.
उजवीकडचे साडेतेवीस हजार
खोडले नाहीत अजून.