जन्मस्थान

ऑफिसच्या तिजोरीतून गुरुवारी तो मिळाला.
सही घेतली, वर अंगठाही.
विमान सोमवारी.
चार रात्री तो माझ्या ताब्यात, की मी त्याच्या?

सोहारची हवा दमट, पानं कुरळी होतात,
म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी तांदळाच्या डब्यात.
खोलीतले पावसकर हसले,
"एक दिवस भात लावशील त्याचा."
मग स्वतःच उठून दोन झेरॉक्स काढून आणल्या,
एक बॅगेच्या तळाशी, एक मोज्यात.
त्यांचा हरवला होता, मस्कतच्या टॅक्सीत.
त्या पाच आठवड्यांबद्दल ते बोलत नाहीत.

रात्री डबा उघडतो, दाणे झटकतो.
फोटोतल्या माणसाला मिशी आहे, घाई आहे.
हेदवीतला 'द' कुणा कारकुनाने खाल्ला,
जन्मस्थान : हेवी.
दोनदा नवा केला, चूक तशीच उतरली.
आता सुधारायला जावं
तर व्हिसावरचा मी नि कागदावरचा मी
जुळायचे नाहीत.
एकोणीस वर्षं जपतोय
कुठेच नसलेलं गाव.

पोरगा फोनवर विचारतो, काय आणताय?
म्हटलं, थांब.
आधी हा मला आणतो का, बघू.