खविसाचं वजन

रविवारी माग बंद.
येमूल मामांच्या कारखान्याच्या माळ्यावर
चादरींच्या गठ्ठ्यांत आम्ही चौघं,
मध्ये उपडा खोका, खोक्यावर नकाशा,
आणि कुरिअरनं आलेला
वीस बाजूंचा एकुलता एक फासा.

दोन वर्षं सगळे निमूट माणसं होते :
ढालकरी, वैदीण, चोर.
मग मे महिन्यात, पत्रा तापून तडतडत असताना,
रेवणसिद्ध म्हणाला, मला खवीस व्हायचंय बे.
लावण्या म्हणाली, मग मी हडळ.
मुजम्मिल शेंगा सोलत होता. तो चोरच राहिला.

नियम माझे. वही मामांची जुनी, लाल, उभी,
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
खवीस : जमा, बळ अठरा.
नावे काय?
उन्हात निम्मं बळ, असं लिहिलं.
सोलापुरात? रेवण म्हणाला. मग घरातच बसतो की.
खोडलं.
लोखंडाला भितो, असं लिहिलं.
खाली लोखंडाचे चोवीस माग. त्यानं नुसतं बोट दाखवलं.
खोडलं.
हडळीचे पाय उलटे, पळताना वजा दोन.
लावण्या म्हणाली, पाय उलटे म्हणजे
माग काढणारे चुकणार. जमेला धर.
तिची आई विड्यांचा हिशेब ठेवते,
हजाराला किती, तुटीला किती,
हिच्याशी मी काय वाद घालणार.

पहिल्याच लढाईत खविसानं
सात दरोडेखोर एका फटक्यात निजवले.
मुजम्मिलच्या चोराला उरलं काय,
तर त्यांचे खिसे.
म्हणून मी कापत गेलो.
बळ सोळा. बळ चौदा. उडी काढली.
अंधारातली नजर काढली.
शेवटी रेवण वहीत डोकावला :
हा तर शिंगं लावलेला मीच झालो की.

खाली उतरलो. मामा मागाला तेल देत होते.
ताण्याच्या रुळामागं साखळी, साखळीला वजनं.
विचारलं, किती लावता?
कमी लावलं तर कापड ढिलं पडतंय,
जास्त झालं की धागा तुटतंय.
पण किती?
त्यांनी माझा हात धरून ताण्यावर ठेवला,
आणि तेलुगूत काहीतरी म्हणाले, हसले.
मला कळलं नाही. हाताला थोडं कळलं.

पुढच्या रविवारी खविसाचं सगळं परत केलं.
अठरा बळ, उडी, नजर.
वजाबाकी त्याच्या अंगातून काढून
गावात ठेवली :
वेशीवर पोरं दगड घेऊन उभी.
दुकानदार मीठ हातात देत नाही, जमिनीवर ठेवतो.
धर्मशाळेत खोली आहे,
खविसाला बघून नाही.
बोलणीत वजा चार.
मी खूश. दोन्ही बाजू जुळल्या.

मुजम्मिलनं फोलपटं झटकली.
खोली नाही होय? सात रस्त्याला
मला अकरा ठिकाणी नव्हती.
त्याच्या बदल्यात अठरा बळ
कुणी दिलं नाय बे.

तोच आधी हसला, म्हणून आम्ही हसलो.
पंखा फिरत होता. वहीचं पान
मी उगाच सरळ करत बसलो.

मग तो म्हणाला, माझा चोर मागनं जातो.
धर्मशाळेचं मागचं दार उघडतो, ह्याला आत घेतो.
किती पाहिजे?
पंधरा, मी म्हणालो. मग म्हणालो, बारा.
पंधराच ठेव, तो म्हणाला. आणि फासा टाकला.

फासा खोक्यावरून उडाला,
गठ्ठ्यांच्या फटीत गेला.
लावण्या मोबाईलचा उजेड धरून पालथी पडली.
दिसेना.
रेवण उठला, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या,
आणि दोघांनी धरायचा गठ्ठा
एकट्यानं उचलून छातीशी धरला.
बघ लवकर, तो म्हणाला, किती पडलंय.

फासा शोधायच्या आधी
मी वहीत चौदा खोडले.