आधीचं काम

डिग्रजच्या शाळेचं काम मिळालं तेव्हा
मालक म्हणाले, मगदूम, आता डायरी बंद.
विश्रामबागेतल्या ऑफिसात एक खुर्ची दिली, गरगर फिरणारी,
आणि शिकवायला मिरजेची रुकय्या मुजावर.
वय चोवीस. माझा ओळंबा तिच्यापेक्षा जुना.

काका, आधी नुसती नावं लिहा, ती म्हणाली.
आखणी, खोदाई, फुटिंग, कॉलम...
त्रेसष्ट ओळी झाल्या.
तीस वर्षं जे खिशात मावत होतं
ते खाली सरकवून सरकवून बघावं लागलं.

मग एक रकाना : आधीचं काम कोणतं?
प्लास्टरच्या आधी वीटकाम, हे काय विचारणं झालं!
पण त्याला सांगावंच लागतं.
न सांगता कळायचं ते शिवाप्पाला,
आमच्या विजापूरच्या सेंट्रिंगवाल्याला.
मी भुवई उचलली की फळी खाली यायची.

मशिनला भुवई दिसत नाही.
त्याच्या लेखी रविवार सोडला तर सगळे दिवस सारखे.
म्हटलं, पोरी, लिही :
पाडव्याला शिवाप्पाची गँग गावाकडं, परत कधी ते विचारू नको.
कारखाना बंद होईतोवर ट्रॅक्टर उसाचे, आपले नव्हेत.
ईदला, हे तीच म्हणाली,
ग्रिलवाले इसाकभाई तीन दिवस फोन उचलत नाहीत.
पांढऱ्या चौकोनांवर करडं पडत गेलं
तेव्हा कुठं ते आमच्याकडचं कॅलेंडर दिसायला लागलं.

तिनं बटण दाबलं.
निळ्या पट्ट्या जिन्यासारख्या उतरत गेल्या, मधून एक लाल वाट.
ही स्लॅबवरनं जाणार, मी पैजेवर सांगितलं.
ती गेली इसाकभाईंच्या वेल्डिंगवरनं.
तीस वर्षं मी भलत्याच माणसांवर ओरडत होतो.

फ्लोट म्हणजे, रुकय्या वाचत होती,
शेवटाला धक्का न लावता काम किती दिवस तरंगू शकतं.
मला हसू आलं. मग दोघंही गप्प.
एकोणीसच्या ऑगस्टात
तिच्या मामाच्या दुकानातल्या गाद्या तरंगल्या होत्या
पार कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत.

एका ओळीशेजारी इवलासा लाल माणूस उभा होता.
हा कोण?
तुम्ही, काका. मार्चमध्ये तुम्ही एकशे चाळीस टक्के आहात.
डब्यातली भाकरी मोडत मी त्याच्याकडं बघत राहिलो.
ना चेहरा, ना चपला.
घरी कलावतीला सांगितलं.
हे कळायला कॉम्प्युटर लागला? ती म्हणाली.
दिवस मावळायच्या आत किती वेळा जेवलाय, मोजा.
ताटावरचं झाकण तिनं काढलं नाही, मीच काढलं.

दुसऱ्या दिवशी निम्मी कामं रुकय्याच्या नावावर केली,
विटांची मोजणी, पाणी मारणं, बिलं.
कॉलमची तपासणी मात्र देववेना.
मार्चातला लाल माणूस गेला, मेमधला आहे अजून.

शेवटची ओळ : शाळा सुरू. दिवस : शून्य.
पट्टी नाही, नुसती एक काळी शंकरपाळी.
एवढं सगळं करून शून्य?
ते काम नसतं, काका. ते होतं.

मग मी आपणहून चौसष्टावी ओळ घातली,
पहिल्यांदाच, दोन बोटांनी :
खालचा मजला मोकळा ठेवणे.
आधीचं काम : नदी.
मशिन टुंग करून अडलं. त्याला आकडा पाहिजे.

रुकय्यानं माऊस घेतला.
मला वाटलं खोडणार.
ती वर गेली, वर, आखणीच्याही वर,
तिथं एक नवी ओळ उघडून लिहिलं, नदी.
दिवस किती लिहू?
मला सांगता येईना.
तेव्हा त्यानंच लिहिलं, एक दिवस,
आणि पुढं एक प्रश्नचिन्ह.