हात कमरेखाली

शुक्रवार. म्हापशाचा बाजार दवाखान्याच्या पायरीपर्यंत आलेला,
चोरिसांचा वास, मिरच्यांची पोती,
आणि वजनकाट्यावर चढायला तयार नसलेला नीरो.

"कान गेले वाटतं याचे," आवेलिनबाब म्हणाले,
"हाक मारली तर येत नाही.
कागदाची सुरळी दाखवली की येतो. सरपटत."

मी कान पाहिले. गोचीड नाही, पू नाही,
आत गुलाबी, शिंपल्यासारखे स्वच्छ.
तेवढ्यात पंखा वाढवायला आवेलिनबाबांनी हात उचलला
आणि कुत्रा फरशीला चिकटला,
पोटाखाली एक छोटं, कोमट तळं.

मी फडकं आणलं.
त्यांनी ते माझ्या हातून घेतलं,
गुडघे कडकड मोडत, स्वतः पुसलं.

"चाळीस वर्षं पाव भाजले," ते फरशीला म्हणाले,
"पीठ फुगेपर्यंत रात्र रात्र थांबलो,
घाई केली नाही कधी त्याला.
पण मला धंदा शिकवला तो भट्टीच्या फळीनं. पाठीवर."

चिठ्ठीवर औषध नव्हतं.
लिहिलं: हाक एकदाच. आला तर काकणाचा तुकडा,
नाही आला तर नाही. हात कमरेखाली.
आणि नरकासुराच्या रात्री दारं-खिडक्या लावून
त्याच्याशेजारी जमिनीवर बसा.

चिठ्ठी टोपीत घालून गेले.

तीन शुक्रवार झाले. आज टोपी काढायला
हात वर गेला त्यांचा, अर्ध्यावर थबकला.
नीरो दबला. पण डोळे मिटले नाहीत त्यानं,
हाताकडे बघत राहिला.

मग काट्यावर चढला, आपण होऊन.
दोनशे ग्रॅम जास्त. मी वहीत लिहिलं.