सोडियमची रेघ

रात्री अकराला विडी घरकुलात वीज आली
आणि पडद्यावर पुन्हा उघडली ती दीर्घिका.
तारे वेगळे दिसत नाहीत तिच्यात,
नुसता धुरकट डाग;
त्याचा उजेड फाकवून मिळालेला
हा एक वेडावाकडा आलेख.

"एंतमंदी रा ह्यात? किती जण?"
नरसव्वा मावशी विचारते,
सुपातल्या पानांवरून नजर न काढता.
कात्री चालूच.

सांगतो: फुगलेले लाल तारे मोजकेच,
पण उजेड बहुतेक त्यांचा.
बारके रग्गड.
एकेकटा कुणालाच दिसत नाही.
फक्त इथे, तांबड्याच्या जरा पलीकडे,
सोडियमच्या दोन रेघा
त्यांच्यामुळे थोड्या खोल जातात.
थोड्या म्हणजे शंभरात एखादा भाग.

आणि नेमक्या तिथेच
आपल्या हवेतल्या वाफेच्या रेघा येऊन बसतात.
आधी आपलं आभाळ वजा करायचं,
मग उरेल ते त्यांचं.

मावशी जुड्या मोजते, पंचवीसची एक.
परवा कारखान्यात
साठ विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या,
पैसे हजाराचे नाहीच मिळाले.
साठातल्या किती खरंच वाकड्या होत्या
ते मुकादमालाच ठाऊक.

"दोनदा मोज," ती म्हणते.

मोजतो. पंखा गरम वारा ढकलतोय,
कुंभारीकडून एक ट्रक जातो,
आकडे हळूहळू खाली उतरतात.

वाफ गेली.
रेघ राहिली.
पुसट आहे, पण आहे.

"किती निघाले?"
अजून सांगता येत नाही, मावशी.
आहेत, एवढंच.

तिनं दातानं दोरा तोडला
आणि पुढचं पान घेतलं.