पिठाची वही

कालामाच्या दवाखान्यात नर्सबाईंनी
बाबांसमोर ठेवला तेरा प्रश्नांचा कागद.
कमी झोपूनही ताजंतवानं वाटतं का?
बाबा हसले. बाई, मी पाववाला.
तीस वर्षं रात्री दोनला उठतोय.
फुली कुठे मारू?
फार बोलता का? गिऱ्हाईक आलं की.
पैसा उधळता? असला तर.
कागद हरला. बाबांनी कोट चढवला.

‘निकानोर, बस,’ आई म्हणाली
आणि पिशवीतून काढली पिठाची वही,
कडा कणकेने कडक झालेली.
ऑगस्ट, आठवड्याला अकरा पोती.
सप्टेंबर, दुसरा आठवडा, चौदा.
तिसरा, एकोणचाळीस.
खाणीतल्या एकूण एक माणसाला फुकट पाव
असं ठरलं होतं त्या आठवड्यात.
संपावरच्यांना, साहेबांना,
फाटकावरच्या कुत्र्यांनासुद्धा.
दुसरी भट्टी, हप्त्यांवर.
तिसरी, आईच्या अंगठ्यांवर.
नोव्हेंबर, तीन पोती.
मग दोन पानं कोरी.
तिथे आई काही बोलली नाही,
नुसतं बोट फिरवत राहिली.
शिमेनाबाईंनी चष्मा पुसला
आणि वही स्वतःकडे ओढून घेतली.

आता फ्रीजवर तक्ता आहे.
उणे पाच ते अधिक पाच, मधे शून्य.
रोज रात्री बाबा एक ठिपका देतात,
शेजारी मी माझ्या पेन्सिलने दुसरा.
त्यांचा अधिक एक, माझा अधिक तीन,
त्या रात्री ताटं आपटली.
‘माझा आनंद मोजायचा परवाना
तुला कुणी दिला गं?’
मला उत्तर येत नाही.
परवा ते शिट्टी वाजवत होते, छान सुरात,
आणि मी पेन्सिल शोधत होते.

महिन्याला रक्त द्यायचं, लिथियम किती ते बघायला.
आमच्याच मिठागरातलं असणार, बाबा म्हणतात,
आणि गोळी काट्यावर ठेवून बघतात.
काटा हलतसुद्धा नाही.
कणकेत मीठ किती, हे त्यांच्या हाताला कळतं.
हे मीठ मात्र
सुई टोचून विचारावं लागतं.

काल दोघांचे ठिपके एकाच चौकटीत पडले,
शून्याच्या किंचित वर.
आई वहीत लिहीत होती, बारा पोती.
‘पंधरा लिही,’ बाबा म्हणाले,
‘पुढच्या आठवड्यात आयकिनाची जत्रा.’
आईने माझ्याकडे पाहिलं.
मी आत जाऊन
कॅलेंडर बघून आले.
जत्रा आहे.