नावाची फोड

बाहेर उणे तीस,
आणि पारास्का म्हणते, रात्रभर खिडकी सताड,
तरी मानेवरून घाम.
डॉक्टरांनी गोळी दिलीय. तांबूस, गुळगुळीत,
जुन्या कोटाच्या बटणासारखी.

डबी पिशवीत घालताना मी सहज म्हणाले,
प्रेमारिन. संधी सोडवून दाखवू?
प्री म्हणजे गाभण,
मार म्हणजे घोडी,
इन...
तिनंच पुरं केलं: मूत.

मग हसत सुटली, ठसका लागेपर्यंत.

एकोणीस हिवाळे, म्हणाली,
डॉफिनच्या उत्तरेला, पत्र्याच्या लांबच लांब तबेल्यात.
ऑक्टोबरात बांधलेल्या घोड्या मार्चात सुटायच्या.
शेपटीखाली रबराची पिशवी,
पहाटे पाचला माझ्या हातात बादली.
कपडे धुवून वास जायचा नाही,
नाचायला गेले तरी माझ्याआधी तोच पोचायचा.
ट्रक यायचा, पिंपं न्यायचा.
कुठं, ते विचारायची रीत नव्हती.
शिंगरं मे महिन्यात.
थंडी पडायच्या आत वजनावर विकलेली.

डबी तिनं उजेडात धरली.
विश्न्या नाही यात, म्हणाली.
बूट चावायची ती लिपाही नाही.
नुसती घोडी. कुठलीही.

लेबलावर रुग्णाचं नाव होतं,
डॉक्टरांचं, दुकानाचं.
इथं कोपऱ्यात लिही, तिनं बोट ठेवलं. लिपा.
असं लिहायची परवानगी नाही मला.

मागं रांगेत कुणीतरी घसा खाकरलं.
मी पेन शोधत होते.